गिरणीकामगार ते सांस्कृतिक मंत्री : फुर्त्सेवाबाईंची चौदा वर्षे

(‘सत्ता आणि संस्कृती’ या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या विषयासाठी एखाद्या भारतीय उदाहरणाची निवड मी करीन, अशी आपली अपेक्षा असेल. मी मात्र आपल्याला मॉस्कोला नेणार आहे. त्याला निमित्त आहे एका मराठी माणसाचे.

१४ सप्टेंबर २०२२ रोजी मॉस्कोत साहित्यरत्न अण्णा भाऊ साठे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. आपल्यापैकी अनेकांनी ती बातमी वाचली असेल. वाटेगावच्या मातीतून उठलेला, मुंबईत कष्ट उपसलेला हा शाहीर १९६१ साली रशियाला गेला आणि परतल्यावर त्याने ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. राजकीय विचाराने ते कम्युनिस्ट होते. आपला त्या विचाराशी मतभेद आहे. परंतु आपल्या भाषेतील एका लेखकाची आठवण परदेशात उभी राहिली, याचा आनंद कोणत्या मराठी मनाला होणार नाही?

ज्या संस्थेत हा पुतळा आहे, तिचे पूर्ण नाव मार्गारिता रुदोमिनो अखिल रशियन परकीय साहित्य ग्रंथालय असे आहे. ही रुदोमिनो कोण, हे शोधू लागलो, तेव्हा तिच्या कहाणीत मला दुसरी एक स्त्री भेटली. येकातेरिना फुर्त्सेवा. १९६० ते १९७४ अशी चौदा वर्षे त्या सोव्हिएत संघाच्या सांस्कृतिक मंत्री होत्या. अण्णा भाऊ रशियात गेले, तेव्हा त्या खुर्चीत याच बाई होत्या.

आमच्या पिढीला सोव्हिएत संस्कृती माहीत होती ती गुळगुळीत कागदावरच्या रंगीत मासिकांतून. वाचून झाली की आम्ही त्यांची कव्हरे वह्यापुस्तकांना घालत असू. त्या चित्रांत बॅले नर्तिका होत्या, भव्य नाट्यगृहे होती, हसरी मुले होती. त्या चित्रांच्या मागे कोण कोणाला होकार देत होते आणि कोण कोणाला नकार, हे कळायला पुढे बरीच वर्षे गेली. आज त्या मागच्या बाजूविषयी बोलायचे आहे.

गिरणीतून क्रेमलिनकडे

येकातेरिना अलेक्सेयेव्ना फुर्त्सेवा यांचा जन्म डिसेंबर १९१० मधला, वीश्नी वोलोच्योक या गावी. कापड गिरण्यांचे हे गाव मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग यांच्या मधल्या वाटेवर आहे. वडील पहिल्या महायुद्धात गेले. आई मात्र्योना गिरणीत विणकाम करी; तिला लिहिता-वाचता जेमतेम येई. मुलगीही किशोरवयातच कारखान्याच्या शाळेतून मागावर उभी राहिली. मुंबईच्या गिरणगावात ज्यांनी आपल्या आजी-आजोबांना पाहिले आहे, त्यांना हे बालपण वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

पुढे युवक संघटनेचे काम, १९३० साली पक्षसदस्यत्व, कुर्स्क आणि क्रिमिया येथे कार्यकर्ता म्हणून नेमणूक. वैमानिकाशी विवाह झाला, पण युद्धकाळात तो मोडला. १९४२ साली मुलगी झाली आणि आजी, आई व नात असा तीन स्त्रियांचा संसार मॉस्कोत सुरू झाला. मध्यंतरी बाईंनी मॉस्कोतील रसायन तंत्रज्ञानाच्या संस्थेतून पदवी घेतली होती. कलेचे किंवा साहित्याचे असे शिक्षण त्यांनी घेतले नव्हते, हे लक्षात ठेवा.

फ्रुंझे या मॉस्कोतील विभागाच्या पक्षकार्यातून वर चढत १९५४ साली त्या संपूर्ण मॉस्को शहराच्या पक्षप्रमुख झाल्या. राजधानीची सूत्रे स्त्रीच्या हाती येण्याची ती पहिलीच वेळ. १९५६ साली त्या केंद्रीय समितीच्या सचिव झाल्या आणि पॉलिटब्युरोच्या, तेव्हाच्या नावाने प्रेसिडियमच्या, उमेदवार सदस्यही.

जून १९५७ मध्ये मोलोतोव, मालेन्कोव आणि कागानोविच यांनी ख्रुश्चेव यांना हटवण्याचा डाव टाकला. प्रेसिडियममध्ये बहुमतही त्यांच्या बाजूने होते. निर्णय केंद्रीय समितीच्या मोठ्या बैठकीत व्हावा म्हणून तिच्या सदस्यांना मॉस्कोत जमवण्याची जी धावपळ झाली, तीत मार्शल झुकोव यांच्याबरोबर फुर्त्सेवा याही होत्या. ख्रुश्चेव वाचले. बाई प्रेसिडियमच्या पूर्ण सदस्य झाल्या. सर्वोच्च सत्तामंडळात पूर्ण सदस्य म्हणून बसलेली ही पहिली स्त्री. वय अवघे सेहेचाळीस.

मागावर उभी राहिलेली मुलगी क्रेमलिनमध्ये पोहोचली, हे तिचे कर्तृत्व आपण मोकळ्या मनाने मान्य करू. विरोधकांचेही कर्तृत्व मान्य करावे, हा आपला संस्कार आहे.

मंत्रिपद की पदावनती?

परंतु ज्या व्यवस्थेत वर नेणारा हात एकच असतो, तेथे खाली ढकलणारा हातही तोच असतो. मे १९६० मध्ये ख्रुश्चेव यांनी फुर्त्सेवाबाईंना केंद्रीय समितीच्या सचिवपदावरून दूर केले आणि सांस्कृतिक मंत्री नेमले. आपल्याला मंत्रिपद म्हणजे बढती वाटते. तेथे खरी सत्ता पक्षाच्या सचिवालयात होती. मंत्र्याने केवळ तिचे आदेश अमलात आणायचे. म्हणजे ही पदावनती होती. ऑक्टोबर १९६१ मध्ये पक्षाच्या बाविसाव्या अधिवेशनात प्रेसिडियममधूनही त्यांचे नाव वगळले गेले. ते कळल्यावर त्यांनी हाताच्या शिरा कापून घेतल्या, असे समकालीनांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे. त्या वाचल्या आणि पुन्हा त्याच मंत्रालयात कामावर रुजू झाल्या.

मित्रहो, येथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. एवढ्या मोठ्या देशाची संस्कृती ज्यांच्या हाती सोपवली, त्यांना ते खाते ही शिक्षा म्हणून मिळाले होते. संस्कृती हे सत्ताधाऱ्यांच्या लेखी किती खालच्या पायरीवरचे खाते होते, हे यावरून दिसते. ही गोष्ट केवळ रशियाची आहे असे मात्र आपण समजू नये. खातेवाटपात सांस्कृतिक खाते कितव्या क्रमांकाला आठवते, हे आपणही पाहत आलो आहोत.

होकाराची किंमत

या खात्याचा पसारा प्रचंड होता. नाट्यगृहे, संगीतिका, बॅले, सर्कस, वस्तुसंग्रहालये, ग्रंथालये हे सारे त्याच्या छायेत. कोणते नाटक रंगमंचावर यावे, कोणत्या वादकाने परदेशी जावे, त्याच्यासोबत त्याची पत्नी जाऊ शकेल की नाही, हे सारे सरकारी अनुमतीवर अवलंबून. परदेशात मिळालेल्या मानधनाचा मोठा हिस्सा कलावंताने सरकारजमा करायचा. मंत्र्याच्या एका सहीवर माणसाचे आयुष्य ठरावे, अशी ती खुर्ची.

त्या खुर्चीतून फुर्त्सेवाबाईंनी काही मोठे होकार दिले, हे नमूद केलेच पाहिजे. १९६४ साली इटलीतील मिलानचे ला स्काला हे जगप्रसिद्ध संगीतिकागृह मॉस्कोत आले आणि मॉस्कोचे बोल्शोई मिलानला गेले. तरुण सोव्हिएत गायक ला स्कालात शिकण्यासाठी जाऊ लागले. १९६५ साली नतालिया सात्स यांनी मॉस्कोत मुलांसाठी स्वतंत्र संगीत नाट्यगृह उभे केले. या सात्सबाईंनी स्टालिनच्या काळात श्रमछावणी भोगली होती. १९६९ साली मॉस्कोत पहिली आंतरराष्ट्रीय बॅले स्पर्धा झाली. १९७३ च्या जूनमध्ये चित्रकार मार्क शागाल बाईंच्या निमंत्रणावरून जवळपास पन्नास वर्षांनी मायदेशी आले. १९२० साली ज्यू नाट्यगृहासाठी त्यांनी रंगवलेली भव्य चित्रे गुंडाळून ठेवलेली होती. ती त्यांच्यासमोर उलगडण्यात आली आणि त्यांनी त्यांवर त्या वेळी स्वाक्षरी केली. स्वतःच्या चित्रावर सही करण्यासाठी त्या कलावंताला अर्धे शतक वाट पाहावी लागली!

एक प्रसंग विशेष सांगण्यासारखा आहे. १९६७ साली क्रांतीला पन्नास वर्षे झाली. त्या निमित्ताने ‘सोव्रेमेन्निक’ या नाट्यगृहाने मिखाईल शात्रोव यांचे ‘बोल्शेविक’ हे नाटक बसवले. १९१८ साली लेनिनवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या दिवसाचे ते नाटक. त्यात सहकारी मंत्री राज्याने दहशत वापरावी का, याची चर्चा करतात. अभ्यनिरीक्षण विभागाने अनुमती नाकारली. त्या विभागाच्या शिक्क्याविना तिकिटाचा कागदही छापता येत नसे. तेव्हा फुर्त्सेवाबाईंनी स्वतःच्या जबाबदारीवर प्रयोग होऊ दिला. हा धाडसी होकार होता, यात शंका नाही.

पण पाहा, क्रांतीच्या गौरवाचे नाटक, तेही क्रांतीच्या सुवर्णमहोत्सवात, रंगमंचावर आणण्यासाठी मंत्र्याला धाडस करावे लागते! ज्या राज्यात स्वतःच्याच देवाची आरती म्हणायलाही परवाना लागतो, त्या राज्याची स्वतःच्या विचारावर तरी कितपत श्रद्धा असेल?

नकारांची यादी

आता दुसरी बाजू. बोरिस मोझायेव यांची एक कथा आहे. सामूहिक शेतात राबून पोट भरत नाही म्हणून तेथून बाहेर पडू पाहणाऱ्या फ्योदोर कुझ्किन या खेडुताची ती गोष्ट. कथा १९६६ साली नियतकालिकात प्रसिद्ध झालेली होती. तागांका नाट्यगृहात युरी ल्युबिमोव यांनी तिचे नाटक बसवले. मार्च १९६९ मध्ये फुर्त्सेवाबाई स्वतः तालीम पाहायला गेल्या आणि त्यांनी ते थांबवले. छापून आलेली कथा रंगमंचावर चालत नाही, हे न्यायाचे कोणते तत्त्व? ते नाटक प्रेक्षकांसमोर आले १९८९ साली, वीस वर्षांनी. तोपर्यंत बाई या जगात नव्हत्या.

मला यातील एक गोष्ट अस्वस्थ करते. गिरणीत वाढलेल्या, दारिद्र्य भोगलेल्या स्त्रीला कुझ्किनची भूक कळली नसेल का? कळली असणारच. परंतु खुर्चीत बसलेल्या माणसाला जे कळते आणि खुर्ची त्याला जे बोलू देते, यांत अंतर पडत जाते. ते अंतर वाढत गेले की माणूस हळूहळू स्वतःलाच अनोळखी होतो.

दुसरा नकार अधिक गाजला. मस्तिस्लाव रस्त्रोपोविच हे विसाव्या शतकातील श्रेष्ठ चेलोवादक, आणि त्यांच्या पत्नी गालिना विश्नेव्स्काया या बोल्शोईच्या अग्रगण्य गायिका. या दांपत्याने १९६९ पासून लेखक सोल्झेनित्सिन यांना आपल्या बंगल्याच्या आवारात आसरा दिला. १९७० साली सोल्झेनित्सिन यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि वृत्तपत्रांतून त्यांच्यावर चिखलफेक सुरू झाली, तेव्हा रस्त्रोपोविच यांनी संपादकांना उघड पत्र लिहिले. ते छापले गेले नाही. शिक्षा मात्र झाली. परदेश दौरे बंद, मोठ्या शहरांतील कार्यक्रम बंद. एखाद्या बुवांचा आवाज बंद करण्यासाठी त्यांचा गळा दाबावा लागत नाही. त्यांना सभागृह मिळू दिले नाही की पुरते. विश्नेव्स्काया यांनी पुढे आत्मकथनात फुर्त्सेवाबाईंचे जे चित्र रंगवले, ते अतिशय कडवट आहे. दुखावलेल्या व्यक्तीचे ते चित्र आहे, हे ध्यानात घेऊनही त्यातील वेदना खोटी म्हणता येत नाही.

१९७४

आता या कहाणीचे शेवटचे वर्ष. फेब्रुवारी १९७४ मध्ये सोल्झेनित्सिन यांना देशाबाहेर हाकलण्यात आले. मे महिन्यात रस्त्रोपोविच देश सोडून गेले. जूनच्या अखेरीस बॅले नर्तक मिखाईल बारिश्निकोव कॅनडातील टोरोंटोच्या दौऱ्यावर असताना संघातून निसटले ते परतलेच नाहीत. सप्टेंबरमध्ये मॉस्कोच्या मोकळ्या मैदानात काही चित्रकारांनी आपली चित्रे मांडली, तर ती बुलडोझरने चिरडण्यात आली.

आणि याच वर्षी मॉस्कोत मोनालिसा आली! पॅरिसचे ते चित्र टोकियोतील प्रदर्शनाहून परत जात असताना वाटेत मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात थांबले. संग्रहालयाच्या संचालिका इरिना अंतोनोवा यांची कल्पना आणि फुर्त्सेवाबाईंचा प्रयत्न. जाड काचेआडचे ते स्मित काही क्षण पाहण्यासाठी लोक तासन्‌तास रांगेत उभे राहिले. लाखोंनी ते पाहिले. बाईंच्या कारकिर्दीतील हा शेवटचा मोठा होकार.

ती रांग लागली होती त्याच जून महिन्यात सर्वोच्च सोव्हिएतची, म्हणजे त्यांच्या संसदेची निवडणूक झाली. तीत फुर्त्सेवाबाईंना उमेदवारी नव्हती. कारण एक बंगला. मुलीसाठी शहराबाहेर बांधलेल्या घरात बोल्शोई नाट्यगृहाच्या दुरुस्तीचे साहित्य स्वस्तात वापरल्याचा ठपका त्यांच्यावर आला. पक्षाच्या शिस्तपालन यंत्रणेने चौकशी केली, रक्कम भरून घेतली आणि ताकीद दिली. गैरव्यवहार तो गैरव्यवहारच. त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु त्या राजवटीत आपल्या बंगल्याचा हिशेब किती नेत्यांना द्यावा लागला असेल, याचा विचार आपणच करा. हिशेब मागितला जातो तो माणूस नकोसा झाल्यावर. जी शिस्त बाईंनी कलावंतांना लावली, तीच त्यांच्यापर्यंत येऊन पोहोचली होती. त्यांच्या बाजूने उघड पत्र लिहील असा कोणी रस्त्रोपोविच आता मॉस्कोत उरला नव्हता.

२४ ऑक्टोबर १९७४ च्या रात्री फुर्त्सेवाबाईंचे घरीच निधन झाले. वय त्रेसष्ट. हृदयक्रिया बंद पडल्याचे अधिकृतपणे सांगण्यात आले. त्यांनी विष घेतले, ही कुजबुज मात्र तेव्हापासून थांबलेली नाही. जेथे वृत्तपत्रांवर विश्वास नसतो, तेथे मृत्यूवरही विश्वास बसत नाही. त्यांचे दुसरे पती निकोलाय फिर्युबिन हे परराष्ट्र उपमंत्री होते. आपल्याला ते वेगळ्या संदर्भात आठवतील. ऑगस्ट १९७१ च्या भारत-सोव्हिएत करारानंतर, बांगलादेश युद्धाच्या तोंडावर, ऑक्टोबरमध्ये सल्लामसलतीसाठी दिल्लीत आले होते ते हेच फिर्युबिन.

ग्रंथालयाचे नाव

आता पुन्हा त्या ग्रंथालयाकडे येऊ. मार्गारिता रुदोमिनो या जेमतेम विशी ओलांडलेल्या तरुणीने क्रांतीनंतरच्या उपासमारीच्या दिवसांत, १९२१-२२ साली, परकीय भाषांतील थोड्या पुस्तकांनिशी हे ग्रंथालय सुरू केले. स्टालिनच्या काळात परकीय भाषा जाणणारा माणूसच संशयित ठरे. त्यातूनही त्यांनी ते जपले. १९६७ साली त्याला स्वतःची नवी वास्तू मिळाली. पन्नास वर्षे एका स्त्रीने एक संस्था उभी केली. आणि १९७३ साली, फुर्त्सेवाबाईंच्या कारकिर्दीत, रुदोमिनो यांना पदावरून दूर करण्यात आले. त्यांच्या जागी आल्या पंतप्रधान कोसिगिन यांच्या कन्या. वशिल्याच्या पाल्यांना वर्ग नसतो, वर्गविहीन समाजातही नसतो!

काळाचा न्याय सावकाश होतो. १९९० साली त्या ग्रंथालयाला रुदोमिनो यांचेच नाव देण्यात आले. ज्यांनी त्यांना घालवले, त्यांच्या आज्ञापत्रांच्या फायली कोठेतरी धूळ खात असतील. दारावर नाव आहे ते पुस्तके जमवणाऱ्या बाईचे. आणि त्याच नावाच्या छायेत आपले अण्णा भाऊ उभे आहेत.

बंधुभगिनींनो, ही कहाणी ऐकून कम्युनिस्ट राजवट कशी वाईट होती, एवढेच म्हणत आपण घरी गेलो, तर आजची संध्याकाळ वाया गेली असे मी म्हणेन. ती राजवट डिसेंबर १९९१ मध्ये संपली. तिच्यावर दगड मारण्यात आता शौर्य नाही. मला प्रश्न पडतो तो आपल्याविषयी. फुर्त्सेवाबाई दुष्ट नव्हत्या. त्या कष्टाळू होत्या, त्यांना कलावंतांविषयी ओढ होती, त्यांनी मोनालिसा आणली आणि शागाल यांना परत बोलावले. दोष असा होता की शागालने यावे की नाही आणि कुझ्किनने बोलावे की नाही, हे दोन्ही ठरवणारी सही एकच होती. सही करणारा हात चांगला असेल, तर त्या दिवसापुरते चांगले होते, इतकेच.

आपल्या विचारांचा माणूस त्या खुर्चीत बसला म्हणजे संस्कृती सुरक्षित झाली, असे आपल्याला वाटते. मलाही अनेकदा वाटले आहे. परंतु ज्या होकाराने आपले नाटक रंगमंचावर येते, तोच होकार उद्या दुसऱ्याच्या हाती गेला की आपलेच नाटक बंद पडते. आपल्या परंपरेत देवळाचे कीर्तन, गावची जत्रा, फडावरचा तमाशा आणि वारीची वाट यांना कोणत्या मंत्रालयाने जन्म दिला? ते समाजाने उभे केले, समाजाने जपले. राज्याने मंडप घालावा, दिवे लावावेत, पाण्याची सोय करावी. अभंग कोणता म्हणायचा, हे मात्र वारकऱ्यांवर सोडावे.

म्हणून आपल्यापैकी ज्यांना सत्तेत जायचे आहे, त्यांनी फुर्त्सेवाबाईंचे चरित्र जरूर वाचावे. आणि ज्यांना सत्तेत जायचे नाही, त्यांनी रुदोमिनोबाईंचे काम समोर ठेवावे. आपापल्या गावात एखादे वाचनालय डबघाईला आलेले असेल. तेथे वर्गणी भरावी, चार तरुण जोडावेत, पुस्तकांवरची धूळ झटकावी. मंत्री बदलतील. ते कपाट उघडे राहिले पाहिजे.